काडेपेटीतले १८० व्होल्ट

प्रत्येकाच्या डेस्कवर काहीतरी मिरवण्यासारखं असतं. कुणाचा हरिश्चंद्रगडावरचा फोटो, कुणाचं बोन्साय, कुणाचा ‘बेस्ट परफॉर्मर’ वगैरे लिहिलेला काचेचा तुकडा. मला माझ्या डेस्कवर घड्याळ हवं होतं. पण साधंसुधं नव्हे, निक्सी ट्यूबचं!

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगठ्याएवढी काचेची बाटली. आत शून्य ते नऊ असे तारेचे दहा आकडे एकामागे एक उभे, त्यांच्यापुढे बारीक जाळी. ज्या आकड्याला वीज मिळेल त्याच्याभोवतीचा निऑन वायू उजळतो आणि तो आकडा नारिंगी दिसायला लागतो. समईच्या वातीच्या जवळचा रंग. एलईडीसारखा डोळ्यांत घुसत नाही. अमेरिकेतल्या बरोज कंपनीने १९५५मध्ये या ट्यूब बाजारात आणल्या, पुढची पंधराएक वर्षं लॅबमधल्या मीटरवर आणि टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर त्यांचंच राज्य होतं. सत्तरच्या दशकात एलईडी आले आणि खेळ खल्लास. सोव्हिएत कारखान्यांनी मात्र त्यानंतरही बरीच वर्षं त्या बनवल्या, आणि जगभरचे हौशी लोक आज घड्याळं करतात ती बहुतेक त्याच जुन्या साठ्यातून. माझ्या चार ट्यूब त्यातल्याच, आयएन-१२. यातला पाच म्हणजे चक्क उलटा केलेला दोन आहे. वेगळा साचा कशाला बनवा, असा सरकारी विचार! एकदा लक्षात आलं की दर वेळी पाच वाजता तेच दिसतं.

गोची एकच. निक्सी पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात. आणि घरात सहज मिळतो तो राउटरचा अडॅप्टर, १२ व्होल्टचा. मधलं अंतर तुम्ही पार करायचं. घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट आहेतच की, असं कुणीतरी म्हणेल. पण तिथून थेट घेतलं तर घड्याळाचा प्रत्येक स्क्रू जिवंत होतो. ट्रान्सफॉर्मर लावला तर तो नारळाएवढा. मला तर सगळं काडेपेटीत बसणारं हवं होतं. ऑफिसात दाखवायचं तर स्लीक नको का?

तर हा लेख घड्याळाबद्दल नाही. त्या काडेपेटीबद्दल आहे.

पहिली काडेपेटी मी पुण्यात, फ्लॅटच्या डायनिंग टेबलवर केली. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून सामान आणलं. एमसी ३४०६३ नावाची आठ पायांची जुनी, स्वस्त चिप, आयआरएफ ७४० मॉसफेट, शंभर मायक्रोहेन्रीची रेडिमेड कॉइल, एक डायोड आणि ४.७ मायक्रोफॅरडचा २५० व्होल्टवाला कपॅसिटर. एका रविवारी जोडलं, मीटर लावला, १८०! चारही ट्यूब पेटल्या. मी स्वतःवर इतका खूश झालो की तसाच फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांनी मॉसफेटला बोट लावलं आणि बोट तोंडात घालून किचनकडे धावलो. हा फोटो नाही टाकला.

चार ट्यूबना मिळून वीज लागते किती? प्रत्येकीला अडीच मिलिअँपिअर, म्हणजे दोन वॅटसुद्धा नाही. माझा अडॅप्टर मात्र चार वॅटच्या वर देत होता. उरलेले दोन वॅट त्या काडेपेटीत कोंडून तापत होते. मोठ्या डब्यात दोन वॅट कुणाला कळतही नाहीत. लहान डब्यात ती शेगडी असते. लहान करण्याचा खरा त्रास हाच, भाग लहान मिळतात हो, उष्णता लहान मिळत नाही.

पुढच्या शनिवारी फलटणमार्गे नातेपुत्याला घरी निघालो होतो. बॅगेत ती काडेपेटी टाकली. अण्णांना दाखवावी म्हणून.

नातेपुते तुम्हाला माहीत असेल तर ते आषाढातल्या बातम्यांमुळे. माउलींची पालखी बरडहून निघून सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि पहिला मुक्काम आमच्याकडे. बाकी वर्षभर गाव आपल्या तालात. अण्णांचं तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. ‘होतं’ म्हणायला हवं. फ्लॅट टीव्ही आले तेव्हापासून दुरुस्ती म्हणजे बोर्ड बदला. आणि बोर्डाची किंमत ऐकली की गिऱ्हाईक नवा टीव्ही घेतं. शटर आता अर्धंच उघडतं. आत रिमोट, चार्जर, मिक्सरचे ब्रश. काउंटरमागच्या जॅमच्या बाटल्यांमध्ये तीस वर्षांचे डायोड आणि ट्रान्झिस्टर मात्र अजून तसेच, चिठ्ठ्या लावून.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मी या माणसाचा मुलगा असून मला सोल्डरिंग यूट्यूबवरून शिकावं लागलं. आठवीत असताना एका दुपारी अण्णा एका कलर टीव्हीची पिक्चर ट्यूब काढत होते. टीव्ही बंद होता. प्लगही काढलेला होता. पण पिक्चर ट्यूब स्वतःच एक मोठा कपॅसिटर असते, तिच्या काचेत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा चार्ज तासन् तास बसून राहतो. अण्णांचा हात त्या रबरी टोपीखाली गेला आणि ते स्टुलावरून मागे फेकले गेले. डोकं लोखंडी कपाटावर. नऊ टाके. त्या रात्री आईने माझी छोटी सोल्डरिंग गन माळ्यावर टाकली आणि सांगितलं, तू कॉम्प्युटर शिक. मी शिकलो. अण्णांनीही मला पुन्हा कधी दुकानात स्टुलावर बसवलं नाही.

आणि आता मीच १८० व्होल्ट घेऊन घरी!

जेवणं झाल्यावर ओसरीवर घड्याळ लावलं. अण्णांनी पाहिलं, ‘छान हाय’ म्हणाले आणि झोपायला गेले. मी थोडा हिरमुसलो. रात्री एकच्या सुमाराला उठलो तर अण्णा घड्याळापाशी कान लावून बसलेले.

‘‘शिट्टी मारतंय हे,’’ ते म्हणाले.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग आलं. बारीक, डासासारखी, तुटक शिट्टी. पुण्यात खालच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये ती मला आठवडाभर कळली नव्हती! ही चिप व्होल्टेज भरलं की थांबते, उतरलं की परत धावते. हे थांबणं-धावणं कानाला ऐकू येईल अशा वेगाने झालं की कॉइलची तार थरथरते आणि गाते.

‘‘कॉइल कुठली घातलीस?’’

सांगितलं. किती अँपिअरची? अर्ध्या. अडॅप्टरमधून तर अँपिअरचा एक तृतीयांशच जातोय, मग अर्धा पुरेसा नाही का?

अण्णा हसले. त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी असं समजावलं नव्हतं. विहिरीवरची मोटार चालू असताना पुढचा व्हॉल्व्ह खाडकन बंद केला तर पाइप कसा दणका देतो? वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा जोर कुठेतरी निघतोच. कॉइलचं तेच. मॉसफेट चालू, कॉइलमधून करंट वाढत जातो. मॉसफेट बंद, त्या करंटला जायला जागा नाही, म्हणून तो व्होल्टेज चढवतो आणि डायोडमधून कपॅसिटरमध्ये उडी मारतो. सेकंदाला हजारो वेळा. ‘‘आरं, टीव्हीच्या ईएचटीत दुसरं काय व्हतं? हेच. फक्त लई मोठं.’’

म्हणजे सरासरी करंट पाव-एक तृतीयांश अँपिअर असला तरी प्रत्येक उडीच्या टोकाला तो सव्वा ते दीड अँपिअरपर्यंत चढत होता. अर्ध्या अँपिअरची कॉइल तिथे भरून जाते. तिचं फेराइट आणखी चुंबकत्व घेऊच शकत नाही. मग ती कॉइल राहत नाही, नुसती तार होते, आणि सगळा मार मॉसफेटवर. कॉइल निवडायची ती सरासरीवर नाही, टोकावर. हे वाक्य मी नंतर अनेक इंग्रजी डेटाशीटमध्ये वाचलं. पण ऐकलं पहिल्यांदा नातेपुत्यात, रात्री दीड वाजता, बनियनवर बसलेल्या माणसाकडून.

सकाळी चहा झाल्याझाल्या आम्ही दुकानात. मी स्टुलावर. वीस वर्षांनी!

अण्णांनी भंगारच्या खोक्यातून एक मेलेला सीएफएल दिवा काढला. बुडाचं प्लॅस्टिक उघडलं, आतली चोक काढली आणि आईच्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकली. वार्निश सैल होतं म्हणे. (आईला हे अजून माहीत नाही. आता कळेल.) फेराइटचे दोन ‘ई’ आकाराचे तुकडे वेगळे झाले, मधून पातळ पट्टीचे दोन कपटे पडले. मी कचरा म्हणून फुंकणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. ते कपटेच महत्त्वाचे. दोन तुकड्यांमध्ये कागदाएवढी फट ठेवली तर कोअर लवकर भरत नाही. ऊर्जा साठते ती मुख्यतः त्या फटीत, फेराइटमध्ये नाही. कागदाचा एक कपटा हरवला असता तर पुन्हा तीच शेगडी.

बाजूच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या मामांकडून २८ गेजची तार हातभर मागितली, त्यांनी मूठभर दिली. मोजून चाळीस वेढे, दोन थरांत बरोब्बर बसले. कपटे जागेवर, चिकटपट्टी गच्च, आणि मामांच्याच डब्यातल्या वार्निशमध्ये बुडवून उन्हात. तार घट्ट बसली की गाणार कशी? साइज? माझ्या रेडिमेड कॉइलपेक्षा नखभर मोठी. काडेपेटीत मावत होती.

मग डायोड. मी लावला होता १एन ४००७, जो देशातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक चार्जरमध्ये असतो. अण्णांनी तो चिमट्याने असा उचलला जसा आई मऊ पडलेला पापड उचलते. तो पन्नास हर्ट्झच्या माणसांसाठी आहे. इथे पन्नास हजार. बंद व्हायलाच त्याला इतका वेळ लागतो की तेवढ्यात वीज उलटी परत येते. जॅमच्या बाटलीतून बीए १५९ निघाला, टीव्हीवाल्यांचा लाडका, झटपट बंद होणारा. त्याहून चपळ यूएफ ४००७ही मिळतो, पण तो त्यांच्याकडे नव्हता आणि गरजही पडली नाही.

तिसरी चूक मात्र आम्ही दोघांनी मिळून शोधली, आणि ती सापडल्याचा आनंद अण्णांना माझ्यापेक्षा जास्त झाला. ही चिप मॉसफेटचं गेट वर ढकलते जोरात, पण खाली ओढत नाही. ते काम मी एका रेझिस्टरवर सोडलं होतं. गेट म्हणजे पुन्हा एक छोटा कपॅसिटरच, तो रेझिस्टरमधून रमतगमत रिकामा होणार आणि तोवर मॉसफेट धड चालू नाही, धड बंद नाही, नुसता तापतोय. एक बीसी ५५७ ट्रान्झिस्टर आणि एक बारकासा डायोड लावला की गेट खाडकन रिकामं होतं. चार-पाच रुपयांचा मामला. लावलं. अडॅप्टरचा करंट ३४० मिलिअँपिअरवरून २०० वर आला. मॉसफेटला बोट लावलं. कोमट. अण्णांनीही लावलं, बराच वेळ ठेवलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला काडेपेटी अजून बारीक हवी होती. दुपारी अण्णा वामकुक्षीला गेले तेव्हा मी घरातल्या टेबलावर बोर्डाच्या कडा घासल्या आणि सगळे भाग आणखी जवळ आणले. ट्यूब जळायला नकोत म्हणून त्या न जोडता, नुसता सप्लाय चालू केला. माझा आठ वर्षांचा भाचा खुर्चीवर गुडघे टेकून, नाक बोर्डापासून वीतभर अंतरावर ठेवून बघत होता.

मीटरवर १८० येऊन थांबायला हवं होतं. २३०. २९०. मी स्विचकडे हात नेईपर्यंत ‘फट्’ असा आवाज झाला आणि कपॅसिटरच्या टोपणातून पांढरी वाफ, जळका वास. भाचा मागे सरकला, काही लागलं नाही. पण त्याचा चेहरा. आणि दारात आई.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काय झालं होतं ते नंतर कळलं. आउटपुटला किती व्होल्ट आहेत हे चिपला सांगणारे दोन रेझिस्टर असतात, वरचा सुमारे दीड मेगाओहमचा, खालचा दहा-साडेदहा किलोओहमचा. त्यांच्या मधल्या बिंदूवर सव्वा व्होल्ट आले की चिप समजते, झालं १८०. घासाघाशीत माझ्या वरच्या रेझिस्टरचा टाका निसटला होता. चिपला वाटलं आउटपुट शून्य आहे, म्हणून ती बिचारी भरतच राहिली. खालचा तुटला असता तर सप्लाय गुपचूप बंद पडला असता. वरचा तुटला की सुटतो. माझ्या सुंदर, स्लीक डिझाइनची सगळी सुरक्षितता एका टाक्यावर लटकत होती.

संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. मी आईला समजावत होतो की हे टीव्हीसारखं नाही, हजारो व्होल्ट नाहीत, कपॅसिटर लहान आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

‘‘बंद केल्यावर बी शॉक बसतो का ह्याला?’’

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे. कारण उत्तर होतं, हो. निक्सी साधारण १२० व्होल्टच्या खाली विझतात. घड्याळ काळं दिसतं, मेलेलं वाटतं, आणि कपॅसिटरमध्ये तेवढे व्होल्ट शिल्लक असतात. ते उतरतात फक्त त्या दीड मेगाओहमच्या रेझिस्टरमधून, सावकाश. आणि टाका निसटलेला असला तर तेही नाही. मी इंटरनेटवरची डझनभर सर्किटं पाहिली होती, शिट्टी, उष्णता, करंट सगळ्याची चर्चा वाचली होती. हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. आठवीतल्या त्या दुपारपासून आईच्या डोक्यातून तो गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड नव्याने केला, आणि या वेळी काय राहणार नि काय जाणार हे आईच्या प्रश्नाने ठरवलं. कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर २२० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक, कायमचे. दोन अशासाठी की छोट्या रेझिस्टरलाही व्होल्टेजची मर्यादा असते आणि एकट्याला काठावर उभं करू नये. ते अर्धा मिलिअँपिअरपेक्षा कमी वीज खातात आणि बंद केल्यावर तीन सेकंदांत आउटपुट पन्नास व्होल्टच्या खाली आणतात. वरचा मेगाओहमवाला रेझिस्टरही दोन तुकड्यांत. त्याच्या शेजारून अण्णांनी शंभर-शंभर व्होल्टचे दोन झेनर टाकले. ‘‘एक रस्ता बुजला तर दुसरा पायजे.’’ म्हणजे टाका पुन्हा निसटला तरी चिपला झेनरमधून निरोप मिळतो आणि व्होल्टेज दोनशेच्या आसपास अडतं. आम्ही मुद्दाम टाका काढून पाहिलं. अडलं! कपॅसिटर ४०० व्होल्टचा. जास्त व्होल्टच्या आणि शेजारच्या पट्ट्यांमध्ये ब्लेडने खरवडून दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा. उरलेला फ्लक्स थिनरने धुतला, कारण पावसाळ्यात तो ओल धरतो आणि मेगाओहमच्या हिशेबात ओल म्हणजे आणखी एक रेझिस्टर.

एवढं सगळं काडेपेटीत मावलं नाही. लांबीला बोटभर जास्त झालं. अण्णा म्हणाले, ‘‘मोठी काडेपेटी समज.’’

गंमत बघा, ते झेनर आणि ते रेझिस्टर नसते तरी घड्याळ तितकंच सुंदर दिसलं असतं. फोटोत तर फरक शून्य.

ते घड्याळ माझ्या डेस्कवर आलंच नाही. अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर त्यांना मोबाइलचा उजेड रात्री टोचतो, हा नारिंगी नाही टोचत. पहाटे चार वाजता उठून अंथरुणातूनच वेळ वाचतात. माझ्यासाठी दुसरं करतोय, चार ट्यूब मागवल्यात. दुकानाच्या कपाटावर अण्णांनी माझी माळ्यावरची गन काढून ठेवली आहे. वायर उंदरांनी खाल्लेली होती, ती बदलून.

परवा फोन केला तर आई घड्याळ पुसत होती. आधी स्विच बंद केला, मग मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणाली. मी म्हटलं, झालं की, आता लाव हात.

‘‘थांब,’’ म्हणाली, आणि दहापर्यंत मोजलं.